प्राप्तिकराचे विवरणपत्र : भरावे की न भरावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर प्राप्तिकरासारखा रुक्ष विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु या विषयाचा आपल्या मुलांच्या शिक्षणाशी किती जवळचा संबंध आहे, हे बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागल्यावर अनेक घरांत कळून येते. मुलीला अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळालेला असतो, फी भरण्याची मुदत आठ-दहा दिवसांवर आलेली असते, आणि कर्ज देणारी बँक वडिलांना म्हणते, "मागील दोन-तीन वर्षांची इन्कमटॅक्सची रिटर्न आणा." वडील शिवणकाम करतात, छोटे दुकान चालवितात किंवा टेम्पो चालवितात. ते सरळपणे सांगतात, "साहेब, आम्हाला टॅक्स लागतच नाही, मग रिटर्न कसले?" त्यांचे म्हणणे प्रामाणिक असते. पण तीन वर्षांची कागदपत्रे आठ दिवसांत उभी राहत नाहीत, आणि मुलीचा प्रवेश टांगणीला लागतो.

"टॅक्स लागत नाही, म्हणून रिटर्न नाही" हे वाक्य आपल्या समाजात घरोघरी ऐकू येते. आज मला आपल्याला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. कर भरावा लागतो की नाही हा एक प्रश्न आहे, आणि विवरणपत्र भरावे लागते की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर "नाही" आले, म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप "नाही" ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की पुढचा सारा हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखा आहे.

कायद्याची थोडी पार्श्वभूमी

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली बसविण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्राप्तिकर अधिनियम झाला आणि तो १ एप्रिल १९६२ पासून अमलात आला. सहा दशकांहून अधिक काळ तो चालला. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. मात्र ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळविलेल्या उत्पन्नाचा हिशेब जुन्या कायद्यानेच करावयाचा आहे. म्हणून आज मी जे आकडे सांगणार आहे, ते २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील उत्पन्नाचे आहेत, असे समजावे. आकडे अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, परंतु विचार करण्याची रीत तीच राहते. तेव्हा आपण आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवावी.

येथे जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना एक जुनी गोष्ट आठवत असेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असा नियम होता की, ज्याच्या घरी टेलिफोन आहे, मोटार आहे, ज्याने परदेशप्रवास केला आहे किंवा ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, अशा माणसाने, उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरले पाहिजे. अशा सहा खुणा ठरविलेल्या होत्या. तो नियम २००६ मध्ये रद्द झाला. पण त्यामागचा विचार, म्हणजे माणसाच्या उत्पन्नाबरोबरच त्याच्या खर्चाकडे व व्यवहारांकडेही पाहणे, हा २०१९ पासून वेगळ्या रूपात परत आला आहे. त्याविषयी मी पुढे बोलणार आहे.

पहिला प्रश्न : उत्पन्न मर्यादेच्या वर आहे काय?

सर्वात आधी हा प्रश्न विचारावा. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमाफ आहे. आपण स्वतःहून जुनी पद्धत निवडली नाही, तर आपल्याला हीच नवी पद्धत लागू होते. जुनी पद्धत निवडणाऱ्यांसाठी ही मर्यादा २ लाख ५० हजार, ६० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ३ लाख आणि ८० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ५ लाख रुपये आहे. उत्पन्न या मर्यादेच्या वर गेले की विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते.

आता आपण म्हणाल, "पण वर्तमानपत्रात तर १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असे आले होते." ते खरे आहे, आणि सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कराची आकारणी होते, आणि मग तेवढ्याच रकमेची सवलत देऊन तो शून्य केला जातो. म्हणजे कर आकारून माफ केलेला असतो. ही माफी विवरणपत्रातच मागावयाची असते. म्हणून ४ लाख ते १२ लाख या टप्प्यातील माणसाला कर शून्य, पण विवरणपत्र मात्र सक्तीचे, अशी स्थिती आहे.

एक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार ६ लाख ५० हजार रुपये आहे. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची ठरावीक वजावट काढली की ५ लाख ७५ हजार उरतात. ४ लाखांवरील १ लाख ७५ हजारांवर ५ टक्के दराने ८,७५० रुपये कर येतो, आणि सवलतीने तो पूर्ण माफ होतो. बाईंना एक पैसाही द्यावयाचा नाही. तरीही त्यांनी विवरणपत्र भरलेच पाहिजे.

दुसरे उदाहरण एका कारकुनाचे. पगार ४ लाख ६० हजार. ७५ हजार वजा केल्यावर ३ लाख ८५ हजार. त्यांना वाटते, आपण मर्यादेच्या आत आहोत. पण त्यांच्या बँकेतील ठेवींवर वर्षाला २० हजार रुपये व्याज जमा झाले आहे. ते मिळविले की ४ लाख ५ हजार होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. व्याज बँकेतून काढले नाही, तसेच खात्यात पडून आहे, यामुळे काही फरक पडत नाही. म्हणून उत्पन्न मोजताना पगार, धंद्याचा नफा, घरभाडे, व्याज आणि मालमत्ता किंवा शेअर्स विकून झालेला नफा, असे सारे झरे एकत्र मोजावेत. घरभाड्यातून मात्र भरलेला नगरपालिकेचा कर आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के एवढी वजावट आधीच मिळते.

मर्यादा तपासताना विमा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींच्या वजावटी धरावयाच्या नसतात. घर विकून आलेला नफा नव्या घरात गुंतविल्याने मिळणारी सूटही धरावयाची नसते. समजा, एखाद्याने जुने घर विकले, ९ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला आणि तो सर्व नियमाप्रमाणे नव्या घरात घातला. कर शून्य झाला. तरीही सुटीपूर्वीचा आकडा ९ लाखांचा असल्यामुळे विवरणपत्र भरावे लागते, आणि सुटीचा दावाही त्यातच करावा लागतो.

शेतीचे उत्पन्न मात्र प्राप्तिकरातून मुक्त आहे. केवळ भातशेती किंवा स्वतःच्या आंब्याच्या कलमांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला या पहिल्या प्रश्नामुळे विवरणपत्र भरावे लागत नाही.

दुसरा प्रश्न : व्यवहार मोठे आहेत काय?

उत्पन्न मर्यादेच्या आत असले, तरी पुढीलपैकी एकही गोष्ट त्या वर्षात घडली असेल, तर विवरणपत्र सक्तीचे होते :

१. एक किंवा अधिक चालू खात्यांत मिळून १ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली असेल;
२. बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा अधिक रक्कम भरली असेल;
३. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही परदेशप्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च केला असेल;
४. विजेच्या बिलापोटी वर्षात १ लाखाहून अधिक खर्च केला असेल;
५. धंद्याची एकूण विक्री ६० लाखांहून अधिक असेल;
६. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यवसायातील एकूण जमा १० लाखांहून अधिक असेल;
७. आपल्या नावावर कापलेला किंवा गोळा केलेला कर मिळून २५ हजार किंवा अधिक असेल. ६० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी हा आकडा ५० हजार आहे.

भिवंडी-मालेगावचा एखादा छोटा यंत्रमागधारक घ्या. सूत महागले, कापडाला भाव नाही, वर्षअखेर हाती नुकसान आले. तो म्हणेल, "नफाच नाही तर रिटर्न कसले?" पण त्याची वर्षाची विक्री ७० लाख आहे आणि विजेचे बिल तर दरमहा दहा हजारांच्या वर आहे. दोन्ही कारणांनी त्याला विवरणपत्र भरावेच लागेल. शिवाय त्यात त्याचे हितही आहे. झालेला धंद्यातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करून घ्यावयाचा असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. मुदत गेली की तो हक्कही गेला.

आता आपल्या घरांत वारंवार घडणारी एक गोष्ट. मुलाने अम्मी-अब्बांना खाजगी टूर कंपनीमार्फत उमऱ्याला पाठविले. माणशी ३ लाख, दोघांचे मिळून ६ लाख रुपये मुलाच्या नावावर भरले. परदेश दौऱ्याच्या पॅकेजवर २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत ५ टक्के कर कंपनीने गोळा करावयाचा होता. म्हणजे ३० हजार रुपये मुलाच्या पॅन क्रमांकावर सरकारात जमा झाले. २५ हजारांची मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा विवरणपत्र सक्तीचे झाले. परंतु याची दुसरी बाजू पाहा. हे ३० हजार त्याच्या करापोटी आगाऊ जमा झालेली रक्कम आहे. त्याचा कर शून्य असेल, तर ती त्याला परत मिळू शकते, आणि परत मिळविण्याचा मार्ग विवरणपत्र हाच आहे. विवरणपत्र न भरणारा माणूस स्वतःचेच पैसे सोडून देत असतो.

तिसरा प्रश्न : परदेशाशी संबंध आहे काय?

कोकणातील कितीतरी घरांचा चरितार्थ आखाती देशांतील नोकऱ्यांवर चालत आला आहे. म्हणून हा प्रश्न मी वेगळा काढला आहे.

जो भाऊ वर्षातील बहुतेक दिवस दुबई, कुवेत किंवा सौदी अरेबियात नोकरी करतो आणि भारतात १८२ दिवसांहून कमी राहतो, तो सामान्यतः अनिवासी ठरतो. त्याने तेथे मिळविलेल्या पगारावर येथे प्राप्तिकर नाही. तो पगार येथे विवरणपत्राच्या मर्यादेतही मोजावयाचा नसतो. त्याने घरखर्चासाठी पत्नीला किंवा आईवडिलांना पाठविलेले पैसेही त्यांचे उत्पन्न ठरत नाहीत. पण त्या पैशांतून पत्नीच्या नावे ठेव ठेवली, तर त्या ठेवीचे व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे, त्यांच्यासाठी दिवसांचे नियम अधिक कडक आहेत. त्यांनी जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा.

अनिवासी माणसाचे भारतातील उत्पन्न मात्र येथेच मोजले जाते. गावच्या किंवा शहरातील घराचे भाडे, आणि एनआरओ खात्यावरील व्याज, ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. एनआरओ व्याजावर बँक साधारणतः ३० टक्के कर आणि त्यावरील उपकर मिळून ३१.२ टक्के कापते. १ लाख व्याज असेल तर ३१,२०० रुपये कापले जातात. भारतातील उत्पन्न एवढेच असेल तर कर शून्य. पण कापलेला कर २५ हजारांच्या वर गेल्याने विवरणपत्र सक्तीचे, आणि ते भरले की सारे ३१,२०० रुपये परत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : १२ लाखांपर्यंत कर माफ करणारी ती सवलत निवासी व्यक्तींनाच आहे. अनिवासी माणसाला ४ लाखांच्या वरील उत्पन्नावर कर द्यावा लागतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा कायमचे परत आलेल्यांचा आहे. वीस वर्षे तिकडे काढून माणूस घरी येतो, पण तेथील बँक खाते चालूच ठेवतो. परत आल्यानंतर साधारण दोन-तीन वर्षे कायदा त्याला मधल्या वर्गात ठेवतो. त्यानंतर तो पूर्ण निवासी ठरला, की परदेशात खाते किंवा मालमत्ता असलेल्या माणसाला, उत्पन्न शून्य असले तरी, विवरणपत्र भरून ती माहिती द्यावीच लागते. ती न दिल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल, तर या दंडातून सवलत आहे. पण माहिती देण्याचे कर्तव्य सुटलेले नाही. घामाच्या कमाईला केवळ न कळविल्यामुळे काळ्या पैशाचा डाग लागू नये. म्हणून परतलेल्या प्रत्येकाने आपल्या परतण्याची तारीख आणि तिकडच्या खात्यांची यादी लिहून ठेवावी.

चौथा प्रश्न : सक्ती नसली, तरी फायदा आहे काय?

वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे "नाही" आली, तर कायद्याने आपण मोकळे आहात. पण तेथे न थांबता हा चौथा प्रश्न विचारावा.

एका विधवा मातेचे उदाहरण घ्या. वय ६६, ठेवींचे व्याज वर्षाला १ लाख ५० हजार, दुसरे उत्पन्न नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एका बँकेतील व्याज १ लाखाच्या वर गेले की बँक १० टक्के कर कापते. म्हणजे १५ हजार कापले गेले. विवरणपत्राची सक्ती नाही, पण १५ हजार परत हवे असतील तर ते भरले पाहिजे. पुढील वर्षापासून कपातच होऊ नये, यासाठी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत घोषणापत्र द्यावे. जुन्या कायद्यात त्यालाच १५-एच आणि साठीच्या आतील लोकांसाठी १५-जी म्हणत. पॅन क्रमांक बँकेला दिलेला नसेल, तर कपात १० ऐवजी २० टक्क्यांनी होते, हेही विसरू नये. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या निवासी वृद्धांना आणखी एक सोय आहे. उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील व्याज एवढेच असेल आणि बँकेला तसे लेखी दिले असेल, तर ठरावीक बँका स्वतःच कर कापून घेतात आणि विवरणपत्र भरावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. ती उत्पन्नात मोजू नका. पण शिकवण्या घेऊन, संगणकावर कामे करून किंवा उमेदवारी करून मिळणारे मानधन हे उत्पन्न आहे. समजा, एखाद्या कंपनीने ८० हजारांच्या कामातून १० टक्के म्हणजे ८ हजार कर कापून घेतला. उत्पन्न ४ लाखांच्या पुष्कळ आत असल्याने सक्ती नाही. पण ८ हजार म्हणजे तुमच्या एका सत्राची पुस्तके आहेत. विवरणपत्र भरून ते परत घ्या. पालकांनीही ध्यानात ठेवावे की, अज्ञान मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज, आई व वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात धरावयाचे असते.

आणि आता पुन्हा त्या शिवणकाम करणाऱ्या वडिलांकडे येऊ. त्यांचा वर्षाचा नफा अडीच-तीन लाख आहे. कायद्याची सक्ती नाही. पण घरात मुलगी दहावीला आहे. अशा घरात आजपासून दरवर्षी विवरणपत्र भरत गेले, तर ती बारावी होईपर्यंत दोन-तीन वर्षांची नोंद तयार होईल. शैक्षणिक कर्जासाठी बँका सहकर्जदार पालकांची विवरणपत्रे सहसा मागतात. परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी आणि घरासाठीच्या कर्जालाही तीच विचारली जातात. ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, त्या कष्टकरी माणसाच्या उत्पन्नाचा एवढा विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. काही घरांत शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा दाखला ८० हजार उत्पन्नाचा काढला जातो आणि कर्जासाठी विवरणपत्र ५ लाखांचे भरले जाते. हे अयोग्य आहे, आणि धोक्याचेही आहे. दोन्ही कागद आज एकाच पॅन-आधार क्रमांकाच्या माणसाकडे बोट दाखवितात. मुलाचे शिक्षण खोट्या कागदावर उभे करू नये. जे उत्पन्न आहे, तेच दोन्हीकडे लिहावे.

न भरल्यास काय, आणि उशीर झाल्यास काय?

पगारदार व निवृत्तिवेतनधारकांसाठी शेवटची तारीख सामान्यतः ३१ जुलै असते. २०२५ साली ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. पण दरवर्षी मुदत वाढेल, या भरवशावर राहू नये. धंदा करणाऱ्यांनी आपल्याला कोणती तारीख लागू आहे, ते दरवर्षी पाहून घ्यावे. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. त्यासाठी ५ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १ हजार आणि त्याहून अधिक असल्यास ५ हजार रुपये विलंब शुल्क आहे. कर बाकी असेल तर दरमहा १ टक्का व्याज वेगळे. त्यानंतरही काही अटींवर अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुभा असून तिची मुदत २०२५ च्या अर्थविषयक कायद्याने चार वर्षांपर्यंत वाढविली आहे. पण त्यात जसजसा उशीर होईल, तसतसा देय कर व व्याजाच्या २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा कर द्यावा लागतो, आणि परतावा तर मुळीच मागता येत नाही.

घरी गेल्यावर करावयाचे काम

विद्यार्थी मित्रांनो, या सुटीत एक संध्याकाळ अम्मी-अब्बांसोबत बसा. एक कोरा कागद घ्या. त्यावर घरातील प्रत्येक कमावत्या माणसाचे नाव लिहा आणि प्रत्येकापुढे हे चार प्रश्न मांडा : उत्पन्न मर्यादेवर आहे काय? व्यवहार मोठे आहेत काय? परदेशाशी संबंध आहे काय? आणि सक्ती नसली तरी फायदा आहे काय? हा विचार माणसागणिक करावयाचा आहे, कुटुंबागणिक नव्हे. अब्बांचे विवरणपत्र भरले म्हणून अम्मीचे भरले गेले, असे होत नाही.

नंतर प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर पॅन क्रमांकाने प्रवेश करून वार्षिक माहिती पत्रक, ज्याला एआयएस म्हणतात, ते उघडा. बँकेने दिलेले व्याज, कापलेला कर, मोठ्या खरेदी-विक्री यांची बरीचशी नोंद तेथे आढळेल. सरकारला आपल्याविषयी काय माहीत आहे, ते आपल्यालाही माहीत असावे. ती नोंद चुकीची असेल, तर तेथेच हरकत नोंदविता येते. साध्या पगारदार निवासी व्यक्तीसाठी "सहज" नावाचा सोपा नमुना आहे, आणि अंदाजी नफा दाखविणाऱ्या छोट्या धंदेवाईकांसाठी "सुगम" आहे. खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्यास कसलीही फी पडत नाही. भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत आधारच्या मदतीने त्याची पडताळणी करावी. ती राहिली तर भरलेले विवरणपत्र न भरल्यासारखेच होते.

कोणी एजंट "मोठा परतावा मिळवून देतो" म्हणून खोट्या वजावटी दाखवू लागला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. विवरणपत्रावर सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच असते. ज्यांचा हिशेब गुंतागुंतीचा आहे, त्यांनी सनदी लेखापालाची फी देण्यास कचरू नये. आणि आपल्या संस्थेतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मोहल्ल्यातील चार घरांना जरी हा कागद भरून दिला, तरी त्यांच्या शिक्षणाचा समाजाला थेट उपयोग झाला असे होईल.

बंधू-भगिनींनो, आपण मुलांच्या फीसाठी पै-पै जमवितो. त्याच कष्टाची कागदोपत्री नोंद मात्र ठेवीत नाही, आणि ऐन वेळी आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावाच आपल्याजवळ नसतो. कर लागत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण विवरणपत्र भरावयाचे की नाही, हे दरवर्षी जून महिन्यात बसून, हिशेब करून ठरवावे. गैरसमजुतीवर सोडून देऊ नये.